मेडिकेअर मला हवं, सगळ्यांना नको – अमेरिकन मन असं का म्हणतं?

केवडा

नमस्कार मंडळी.

बरेच दिवस मनात घोळतोय हा विषय. न्यू जर्सीत येऊन १८ वर्षं झाली. आमच्या पलीकडच्या घरात ७८ वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. आयुष्यभर शाळेची बस चालवली त्यांनी. गेल्या वर्षी त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन महिने त्यांची टपालपेटी मीच रिकामी करत होते. एक दिवस जाडजूड पाकीट आलं. आतल्या कागदावर वरच ठळक छापलेलं, 'हे बिल नाही'. रुग्णालयाने लावलेला आकडा बघून माझ्याच पोटात गोळा आला. त्या मात्र शांत. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "मला भरायचेत ते एवढेच." मग पर्समधून मेडिकेअरचं, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचं, ते लाल-पांढरं-निळं कागदी कार्ड काढून दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या. आपल्याकडे अंगाऱ्याची पुडी जपतात तसं.

मी सहज बोलून गेले, "असं कार्ड सगळ्यांनाच मिळायला हवं." बाई ताडकन म्हणाल्या, "छे! तो सोशॅलिझम झाला. आणि माझ्या डॉक्टरकडे रांग लागेल ती वेगळीच."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सिंगल पेअर म्हणजे सगळ्यांच्या उपचारांचे पैसे एकाच सरकारी तिजोरीतून जाणार. डॉक्टर सरकारी नोकर व्हावे लागत नाहीत, रुग्णालयंही खाजगी राहू शकतात. पैसे देणारा हात तेवढा एक. ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर बरंचसं असंच चालतं. तेच वय न बघता सगळ्यांना द्या, ही 'मेडिकेअर फॉर ऑल'ची मागणी. २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ती घरोघरी पोचवली.

मला त्या बाईंना नावं ठेवायची नाहीत. आम्ही इथे नवे होतो तेव्हा बर्फात अडकलेली आमची गाडी त्यांनीच फावड्याने मोकळी करून दिली होती. मग आपल्याला लाभलेली गोष्ट दुसऱ्याला मिळू नये असं त्यांना का वाटावं? तुमच्या आजूबाजूचे लोक काय म्हणतात? तुम्हाला स्वतःला काय वाटतं? पक्षांची धुणी इथे नकोत, अनुभव लिहा.

निशिगंध

वाचतेय. आमच्या ऑफिसात लोक पगारावर बोलतील, घटस्फोटावर बोलतील, पण विम्याचा विषय निघाला की आवाज खाली येतो.

टेक्सासकर

विरोधी बाजू कुणीतरी मांडायला हवी, मी मांडतो.

ह्यूस्टनजवळ माझा छोटा कारखाना आहे, ११ माणसं. ५० च्या आत माणसं असल्यामुळे विमा देण्याची कायद्याने सक्ती नाही, तरी देतो. दर वर्षी नूतनीकरणाचं पत्र आलं की दोन रात्री झोप लागत नाही. म्हणजे सध्याची पद्धत चांगली आहे असं मी म्हणतच नाही.

पण सगळं सरकारच्या हाती द्यायला मन धजत नाही. माझा फोरमन माजी सैनिक आहे. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं वेगळी असतात. २०१४ मध्ये फिनिक्सच्या तशा रुग्णालयात खऱ्या प्रतीक्षायाद्या दडवून ठेवल्याचं उघड झालं, मंत्री एरिक शिन्सेकी यांना पद सोडावं लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्याचं संकेतस्थळ पहिल्या दिवशी कोलमडलं होतं. फोरमन मला म्हणतो, "माझ्या गुडघ्याला त्यांनी सात महिने ताटकळवलं. आता माझ्या बायकोलाही त्याच रांगेत उभी करू?" याला मी काय उत्तर देऊ?

शेजारीण बाईंची रांगेची भीती खोटी नाही, एवढंच माझं म्हणणं.

अण्णा_डेट्रॉईट

केवडा, तुमच्या शेजारीणबाईंच्या तोंडचा तो 'सोशॅलिझम' शब्द कुठून आला ते सांगतो. मी इथे १९७९ साली आलो, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून निवृत्त झालो. आमच्या गावात विम्याचा इतिहास जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळायचा.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने पगार गोठवले. माणसं तर हवी होती. मग मालकांनी पगाराऐवजी विमा देऊ केला, कारण त्यावर बंधन नव्हतं. १९५४ मध्ये त्यावरचा कर माफ असल्याचं कायद्यात पक्कं झालं. १९५० साली जनरल मोटर्स आणि वाहन कामगारांच्या युनियनचा जो मोठा करार झाला त्यात निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा दोन्ही होतं. थोडक्यात, इथे विमा नागरिक म्हणून मिळाला नाही, नोकरीचा भाग म्हणून मिळाला. घाम गाळून कमावलेली वस्तू.

राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्येच राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी अमेरिकेच्या संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, ठेवली होती. डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, व्हिटेकर आणि बॅक्स्टर ही प्रचाराची पेढी नेमली आणि 'सोशलाइज्ड मेडिसिन' हा शब्द घराघरांत नेला. शीतयुद्धाचे दिवस, त्यामुळे शब्द चिकटला. १९६१ मध्ये त्याच संघटनेने पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांच्या आवाजात एक तबकडी काढली. डॉक्टरांच्या बायकांनी शेजारणींना कॉफीला बोलवायचं, ती ऐकवायची, आणि सगळ्यांनी मिळून खासदाराला पत्रं लिहायची. त्या मोहिमेचं नावच होतं 'ऑपरेशन कॉफी कप'. तो विरोध कशाला होता? म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला. म्हणजे पुढे ज्याला मेडिकेअर म्हणायला लागलो, त्यालाच.

तुमच्या बाई तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या असतील. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातही ती तबकडी वाजली असेल, कुणी सांगावं. पुढे कार्ड हातात आलं आणि आवडलं. शब्दाची भीती मात्र जुनीच राहिली.

निशिगंध

अण्णा, प्रतिसाद वहीत उतरवून ठेवण्यासारखा आहे.

पाणपोई

ओहायोत एका रुग्णालयाच्या बिलिंग खात्यात मी नऊ वर्षं काम करते, म्हणून थोडं आतलं लिहिते.

आमच्याकडे एकच एमआरआय असतो. त्याचा दर मात्र समोरच्या माणसाच्या कार्डावर ठरतो. एका कंपनीला एक, दुसरीला दुसरा, विमा नसलेल्याला तिसरा. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे, फॉर्म वेगळे. उपचाराआधी परवानगी घ्यायची, ती नाकारली की अपील, अपिलाला पुन्हा डॉक्टरांचं पत्र. यासाठी आमच्या मजल्यावर माणसांच्या रांगाच्या रांगा बसलेल्या आहेत. त्यातलं कुणी रुग्णाला हात लावत नाही. माझं पोट यावर चालतं, तरी हे लिहिताना मला अपराधी वाटतं.

मागच्या हिवाळ्यात एक गृहस्थ बुटांचं खोकं घेऊन आले. आत पाकिटंच पाकिटं, एकही फोडलेलं नाही. बायकोच्या कर्करोगाची. "उघडायची हिंमत झाली नाही," म्हणाले. आम्ही दोघांनी बसून एकेक पाकीट फोडलं. निम्म्यावर 'हे बिल नाही' असंच होतं. दोन बिलं विमा कंपनीने आधीच भरलेली होती, एक चुकून दुसऱ्याच विभागाचं आलं होतं. खरं देणं निघालं त्यांना वाटत होतं त्याच्या चौथा हिस्सा. ते गृहस्थ टेबलावर डोकं टेकून रडले.

त्यांना मी नंतर विचारलं, सरकारने सगळ्यांचा विमा एकच केला तर? म्हणाले, "नको. हे जेमतेम समजायला लागलंय, त्यात आणखी नवीन नको." टेक्सासकर, तुमचा फोरमन रांगेला भितो. या गृहस्थांसारखी माणसं बदलालाच भितात. आहे ते इतकं गुंतागुंतीचं आहे की एक धागा ओढला तर सगळंच उसवेल असं त्यांना वाटतं.

खडीसाखर

पाणपोई, त्या खोक्याबद्दल वाचून डोळे भरले.

माझा अनुभव. मी सातव्या महिन्यात असताना नवऱ्याची नोकरी गेली. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. नवी नोकरी शोधायला ६० दिवस, आणि विमा महिनाअखेरीस संपणार. कोब्रा नावाची सोय आहे, जुना विमा चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही आपणच भरायचा, वर दोन टक्के. महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर. पगार शून्य. एका रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून आम्ही हिशेब करत होतो, बाळ लवकर आलं तर किती, सिझेरियन झालं तर किती. पोटात ते लाथा मारत होतं आणि आम्ही त्याची किंमत मांडत होतो. ती रात्र मी विसरणार नाही.

नोकरी ४१ व्या दिवशी मिळाली. पण त्या दिवसापासून मी सिंगल पेअरच्या बाजूने आहे. आजारपण आणि नोकरी या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नसाव्यात. एक कोसळली की दुसरीही कोसळते, आणि नेमकी तेव्हाच माणसाला आधाराची गरज असते.

टेक्सासकर

खडीसाखर, तुम्ही ज्यातून गेलात ते वाईटच. नोकरी आणि विमा वेगळे करा, इथे मी तुमच्याबरोबर आहे. मालक म्हणूनही मला तेच हवंय. माझा माणूस आजारी पडला तर त्याच्या यकृताची चौकशी मी का करावी? पण वेगळे करायला सरकारी एकच विमा हा एकच मार्ग आहे का? स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येकाला खाजगी विमा घ्यावाच लागतो, मालकाचा संबंध नाही, गरिबाला सरकार मदत करतं. तिथे २०१४ मध्ये सिंगल पेअरवर सार्वमत झालं, जवळजवळ ६२ टक्के लोकांनी नको म्हटलं.

मु_पो_टोरांटो

सीमेच्या या बाजूने लिहितो. माझ्या दोन्ही मुलींचा जन्म इथला. दोन्ही वेळा रुग्णालयात मी पैसे भरले ते फक्त पार्किंगचे. निघताना सवयीने खिडकीपाशी गेलो, "काही भरायचंय का?" विचारलं, तर तिथली बाई हसून "बाळाला जपा" म्हणाली.

आता दुसरी बाजू, कारण लपवण्यात अर्थ नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अकरा महिने थांबलो. त्या अकरा महिन्यांत तिने देवघरापर्यंत जायलाही काठी घेतली. दात आणि घरी घ्यायची औषधं बहुतेकांना नोकरीच्या विम्यातून किंवा खिशातूनच भागवावी लागतात. नेहमीचा फॅमिली डॉक्टर मिळणंही अवघड झालंय.

तरी विचाराल तर मी ही पद्धत सोडणार नाही, आणि माझे गोरे शेजारीही सोडणार नाहीत. पण सुरुवातीला इथेही असंच रण माजलं होतं. सस्कॅचेवान प्रांतात १९६२ साली सरकारी विम्याची योजना सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला होता. त्या योजनेमागचे टॉमी डग्लस यांना २००४ मध्ये एका वाहिनीच्या कौलात लोकांनी सर्वांत थोर कॅनेडियन म्हणून निवडलं. मधे ४२ वर्षं गेली. आधी एका प्रांताने करून दाखवलं, मग बाकीच्यांनी उचललं, हे अमेरिकेतल्या मंडळींनी लक्षात घ्यावं.

चिंचगूळ

थोडं अवांतर. आमच्या सासूबाई डिडक्टिबलला (विमा कंपनी पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) 'दीडकट्टिबल' म्हणतात. विचारलं तर म्हणाल्या, "आधी हप्त्यात कापतात, मग आजारी पडल्यावर पुन्हा अर्धं कापतात, म्हणजे दीडकट्टीच की!" आता घरात सगळे तोच शब्द वापरतो.

पाणपोई

चिंचगूळ, उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. इतकी सोपी व्याख्या आमच्या माहितीपत्रकातही नाही.

आकडेमोड

टोरांटोकर, एका राज्याने करून दाखवायचा प्रयत्न इथेही झाला. व्हरमाँटने २०११ मध्ये कायदाच केला. गव्हर्नर पीटर शमलिन त्याच मुद्द्यावर निवडून आलेले. पण पैशांचा हिशेब मांडला तेव्हा मालकांवर पगाराच्या साडेअकरा टक्के आणि लोकांवर उत्पन्नाच्या साडेनऊ टक्क्यांपर्यंत नवा कर लागेल असं निघालं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच योजना गुंडाळली. २०१६ मध्ये कोलोरॅडोत अशाच योजनेवर मतदान झालं, सुमारे ७९ टक्के लोक विरोधात गेले.

आता याच्या शेजारी हे ठेवा. कैसर फॅमिली फाउंडेशनने जानेवारी २०१९ मध्ये लोकांना 'मेडिकेअर फॉर ऑल'बद्दल विचारलं. ५६ टक्के बाजूने. आरोग्यसेवा हक्क म्हणून मिळेल असं सांगितलं, ७१ टक्के. खाजगी विमा कंपन्या बंद होतील म्हटलं, ३७. कर वाढेल म्हटलं, तेव्हाही ३७. काही उपचारांना उशीर होईल म्हटलं, २६. तीच माणसं, तोच फोन, दोन मिनिटांचं अंतर.

म्हणून 'अमेरिकन लोक सिंगल पेअरच्या बाजूने की विरोधात' या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर नाही. हेतू बहुतेकांना मान्य आहे. २०२४ मध्ये गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने विचारलं तेव्हा ६२ टक्के लोक म्हणाले की सगळ्यांना आरोग्यविमा मिळेल हे पाहणं सरकारचं काम आहे. पण हातातला विमा आधी सोडा, मग नवा देतो, असं म्हटलं की माणूस मागे सरतो. आपण तरी सरणार नाही का?

वर केवडांच्या शेजारीणबाई 'माझ्या डॉक्टरकडे रांग' म्हणाल्या, त्यातल्या 'माझ्या'बद्दल आणखी एक. मेडिकेअरवाल्यांना 'हे माझे पैसे, मी भरलेत' असं मनापासून वाटतं, कारण पगारपत्रकात १.४५ टक्के कापलेले दिसतात. पण त्या पैशांतून मुख्यतः रुग्णालयाचा भाग चालतो. डॉक्टरांच्या भागाचा सुमारे तीन चतुर्थांश खर्च सर्वसाधारण सरकारी तिजोरीतून, म्हणजे आत्ता कर भरणाऱ्या सगळ्यांच्या पैशांतून जातो. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात एका सभेत एका गृहस्थांनी खासदाराला बजावलं होतं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. लोक त्यांना हसले. मला हसू आलं नाही. सरकारी योजना इतकी आपलीशी वाटावी की ती सरकारी आहे हेच आठवू नये, यापेक्षा तिला मोठी पावती कोणती?

शुश्रूषा

मी मिशिगनमध्ये फॅमिली मेडिसिनची डॉक्टर आहे. डॉक्टरांच्या मनात काय चाललंय ते लिहिते, कारण अण्णांनी सांगितलेल्या काळापेक्षा चित्र बदललंय.

२०१९ मध्ये त्याच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सभेत सिंगल पेअरचा विरोध सोडून देण्याचा ठराव आला, विद्यार्थ्यांनी लावून धरलेला. विरोध टिकला, पण अगदी काठावर. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सिंगल पेअर किंवा सरकारी विम्याचा पर्याय, दोन्हींना पाठिंबा दिला. तरुण डॉक्टर परवानग्यांच्या फोनबाजीला विटलेत. दम्याच्या मुलाला चालू असलेलं पंपाचं औषध कंपनीने यादीतून काढलं, म्हणून मागच्या महिन्यात मी ४० मिनिटं फोनवर होते. बाहेर सहा रुग्ण थांबलेले. हीसुद्धा रांगच आहे, टेक्सासकर. ती कुणी मोजत नाही एवढंच.

पण दरांचा प्रश्न खरा आहे. रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये खाजगी विम्याने रुग्णालयांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट पैसे दिले. उद्या सगळ्यांचे दर मेडिकेअरचे झाले तर लहान गावातली रुग्णालयं कशी तगतील, हे आधी ठरवायला हवं. मी पाठिंबा देते, पण या प्रश्नाचं उत्तर हातात घेऊनच.

पर्वती

पुण्याहून लिहिते. डॉक्टरांचा दरांचा मुद्दा आमच्याकडेही तंतोतंत लागू आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आधी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती होती, २०२३ मध्ये पांढऱ्या शिधापत्रिकांसकट सगळ्यांना लागू करायचा निर्णय झाला. बाबांच्या वेळी आम्ही आनंदाने शिधापत्रिका घेऊन एका रुग्णालयात गेलो, तर काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "योजनेचा बेड शिल्लक नाही. रोखीने असेल तर आत्ता मिळेल." योजना कागदावर सगळ्यांची होते, पण दर परवडला नाही तर बेड मिळत नाही. अमेरिकेत सिंगल पेअर आलं तर खाजगी रुग्णालयांना असं दार बंद करता येईल का?

शुश्रूषा

पर्वती, म्हणूनच तर 'एकच पैसे देणारा' हा मुद्दा महत्त्वाचा. दुसरा रोखीवाला दारात उभा असेल तर गरिबाचा बेड आधी जातो. सगळ्यांचं कार्ड एकच असेल तर नाकारणार कुणाला?

अण्णा_डेट्रॉईट

यावरून एक आठवलं, फार कमी लोकांना माहीत असतं. १९६५ च्या ३० जुलैला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरवर सही केली, तीही ट्रुमन यांच्या गावी, इंडिपेन्डन्सला जाऊन, आणि पहिलं कार्ड ट्रुमन यांनाच दिलं. १ जुलै १९६६ पासून योजना सुरू व्हायची होती. तेव्हा दक्षिणेत काळ्या रुग्णांचे वॉर्ड वेगळे असायचे, काही रुग्णालयं तर त्यांना आतही घेत नसत. सरकारने सांगितलं, मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर भेदभाव बंद. काही महिन्यांत हजाराहून जास्त रुग्णालयांनी दारं उघडली.

माझ्याबरोबर काम करणारा एक काळा फोरमन अलाबामाचा होता. त्याच्या आजीला १९६६ च्या शरद ऋतूत पहिल्यांदा समोरच्या दाराने रुग्णालयात नेलं. तो सांगायचा, आजी दारात थांबली आणि म्हणाली, "नक्की इकडूनच ना?" पैसे देणारा एक आणि ठाम असला की काय होतं, ते मला त्या वाक्यातून कळलं.

इंदूताई

बाळांनो, मी ७४ वर्षांची. मुलाने बोलावून घेतलं, ग्रीन कार्ड मिळालं. आम्हा आईवडिलांना पाच वर्षं सलग राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. इथे नोकरी केलेली नाही, म्हणून हप्ता पूर्ण. २०२४ मध्ये पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) चे महिन्याला ५०५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा भाग) चे १७४.७०. पाच वर्षं मी दिवस मोजले. छातीत दुखलं तरी मुलाला सांगितलं नाही, गॅस असेल म्हटलं. सुनेने ओळखलं आणि गाडीत घालून नेलं.

कार्ड आलं त्या दिवशी मी ते देवापुढे ठेवलं. केवडाच्या शेजारीण मला परक्या वाटत नाहीत गं. मिळालेलं हातातून जाईल ही भीती वयाबरोबर फार वाढते.

उंबर

सगळं वाचलं. माझं मत कडक आहे. अमेरिकन माणूस स्वार्थी आहे, दुसऱ्याच्या आजारपणाला एक डॉलर द्यायची तयारी नाही. बाकी सगळी कारणं नंतरची.

खडीसाखर

उंबर, साफ असहमत. आमच्या गावच्या कॉफीच्या दुकानात काउंटरवर नेहमी एक काचेची बरणी असते. वर कुणातरी मुलाचा फोटो, खाली 'ल्युकेमिया'. ती बरणी आठवड्यात भरते. मागच्या वर्षी अग्निशमन केंद्रात एका बाईच्या किडनीसाठी स्पघेटीचं जेवण होतं, १० डॉलरचं ताट. लोक २० ठेवून सुटे न घेता जात होते. ज्यांच्या अंगणात 'कर कमी करा' अशा पाट्या आहेत तेच लोक वाढत होते.

ही माणसं स्वार्थी नाहीत. ओळखीच्या चेहऱ्यासाठी ती खिसा रिकामा करतात. न पाहिलेल्या माणसासाठी, वॉशिंग्टनमार्फत, द्यायचं म्हटलं की त्यांचा हात अडतो.

आकडेमोड

खडीसाखर यांना अनुमोदन, आणि आकड्यांतही ते दिसतं. ओक्लाहोमा आणि मिसूरी, दोन्ही रिपब्लिकन पक्षाची राज्यं. २०२० मध्ये तिथल्या लोकांनी मतपेटीतून मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याची, व्याप्ती वाढवून घेतली, राज्य सरकारं नाखूश असताना. साउथ डकोटाने २०२२ मध्ये. कुणाचाही विमा काढून न घेता गरीब शेजाऱ्याला मिळत असेल, तर लोक 'हो' म्हणतात.

टेक्सासकर

मेडिकेडच्या मुद्द्यावर मी निरुत्तर. आमच्या टेक्सासने ते अजून वाढवलेलं नाही आणि ते चूक आहे असं मलाही वाटतं. कारखान्यात सफाई करणाऱ्या बाई मधल्या मधे अडकल्यात. विमा घेण्याइतका पगार नाही, मेडिकेड मिळत नाही. शुश्रूषा यांचं 'हीसुद्धा रांगच' हे वाक्यही डोक्यातून जात नाहीये. सिंगल पेअरला माझं 'हो' अजून नाही. पण ६० वर्षांवरच्यांना मेडिकेअर विकत घेऊ द्या म्हणाल तर आज सही करतो.

केवडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी बाईंकडे गेले होते. अण्णांनी लिहिलेली तबकडीची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, तबकडी आठवत नाही, पण आईच्या घरी डॉक्टरांच्या बायको कॉफीला यायच्या ते आठवतं. मग थोड्या वेळाने आपणहून लेकीचा विषय काढला. लेक ६१ वर्षांची. मोठ्या दुकानात दिवसभर उभं राहून माल लावते. दोन्ही गुडघे गेलेत. नोकरी फक्त विम्यासाठी धरून ठेवलीय, ६५ ची वाट बघत. "चार वर्षं," बाई म्हणाल्या. "तिच्या वडिलांनाही ६५ चीच घाई होती. ६३ व्या वर्षी गेले."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी पर्स उघडली, ते कार्ड काढलं, बोटांत फिरवलं. म्हणाल्या, "हे तिला आत्ता देता आलं असतं तर दिलं असतं." सोशॅलिझमचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

टेक्सासकर

केवडा, त्यांच्या लेकीला एक सांगा. नोकरी सोडली आणि विमा गेला, तर सरकारी मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा विकत घ्यायच्या संकेतस्थळावर, नवा घ्यायला ६० दिवस मिळतात, नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागत नाही. आधीचा आजार आहे म्हणून २०१४ पासून कुणी नाकारू शकत नाही, गुडघ्यांसकट घ्यावंच लागतं. कमी झालेल्या उत्पन्नावर हप्त्यात मदतही मिळू शकेल. आधी आकडा काढून बघायचा, मगच राजीनामा.

पाणपोई

आणि कोब्राच्या हप्त्याशी ताडून बघा. पुढचं गुडघ्याचं ऑपरेशन ज्या सर्जनकडे करायचं तो नव्या विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांत, आहे का, हे त्याच्या बिलिंगवालीला फोन करून विचारायचं, कंपनीच्या यादीवर विसंबायचं नाही. हवं तर मला व्यक्तिगत निरोप टाका, मी काय विचारायचं ते लिहून देते.

केवडा

निरोप टाकलाय, पाणपोई. टेक्सासकर, तुमचा प्रतिसाद इंग्रजीत लिहून मोठ्या अक्षरात छापलाय. लेक रविवारी येते आईकडे, तेव्हा घेऊन जाते.